विझलेल्या आगीचा फोटो

१७ एप्रिल, गुरुवार

सात वर्षं वनखात्यात कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून दुसऱ्यांच्या रजेचे अर्ज टाइप केले आणि कालपासून अचानक मी आग बघतो. साहेबांनी बोलावलं, म्हणाले, गुरुशांत, उन्हाळा संपेपर्यंत तू आग कक्ष सांभाळ. कक्ष म्हणजे जिन्याखालचं टेबल, एक कॉम्प्युटर, एक फोन आणि खडखडणारा कूलर. कूलर दिसला म्हणून मी लगेच हो म्हणालो. ही वही कुणाला दाखवायची नाही, तेव्हा खरं कारण लिहायला हरकत नाही.

काम असं आहे. वरून उपग्रह जातो. त्याला जमिनीवर कुठे जास्त तापलेलं दिसलं की आमच्याकडे मेसेज येतो. मेसेजातले आकडे नकाशावर टाकले की लाल ठिपका उमटतो. मग त्या भागातल्या माणसाला मी फोन करायचा, त्याने जाऊन आग विझवायची आणि मी रजिस्टरात ‘बंद’ लिहायचं. आज तीन ठिपके आले. पहिला वीटभट्टी निघाला. दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी उसाचं पाचट पेटवलं होतं. तिसऱ्या जागी काहीच नव्हतं, नुसता काळा खडक तापला होता. तापलेल्या खडकाला काय म्हणायचं याचा रकाना नाही. मी ‘इतर’ लिहिलं.

घरी सांगितलं तर काव्या हसत सुटली. म्हणाली, गॅस पेटवताना तुमच्या चार काड्या वाया जातात, तुम्हाला कुठली आग कळायला बसलीय. बायको असल्यामुळे ऐकून घेतलं.

२२ एप्रिल, मंगळवार

मीटिंगमध्ये आगी बंद करण्यात आमचा नंबर शेवटून दुसरा. कारण फोनवर सगळे ‘विझली’ म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी तिथेच परत ठिपका. परवा एकजण मला ‘आत्ताच विझवून आलो’ असं सांगत होता आणि मागून चहाच्या ऑर्डरी ऐकू येत होत्या. मी काय मूर्ख आहे?

म्हणून दुपारी डोकं लावून एक नियम तयार केला. जळालेल्या जागेचा फोटो पाहिजे. त्याच दिवशीचा. फोटोवर वेळ आणि लोकेशन पाहिजे आणि ते लोकेशन माझ्या ठिपक्याशी जुळलं पाहिजे. नाहीतर फोटो अमान्य आणि आग चालू. साहेब फोनवर होते, त्यांनी कागद बघून मान हलवली आणि ‘टाक ग्रुपवर’ म्हणाले. नियम सगळाच्या सगळा माझा आहे. सात वर्षांत माझ्या डोक्यातून निघालेली पहिली गोष्ट कुणीतरी पाळणार आहे. बरं वाटलं.

२५ एप्रिल, शुक्रवार

भैरोबाच्या माळावर कोंडीबा नावाचा वनमजूर आहे. उन्हाळ्यापुरता रोजंदारीवर माळाची राखण करतो. बाकीच्यांचे फोटो यायला लागले, याचा एकट्याचा नाही. विचारलं तर त्याचा फोन बटणांचा. फोटोचा फोन सुनेचा, रेश्माचा, आणि घर माळापासून अडीच किलोमीटरवर. म्हणजे आग विझवायची, घरी जायचं, फोन घ्यायचा, परत माळावर यायचं. मी म्हटलं, नियम सगळ्यांना सारखा.

पहिला फोटो आला त्यात नुसता अंगठा. मी ‘अमान्य’ लिहिलं. त्याचा फोन आला.

“साहेब, आग विझवायला येती मला. ह्ये फोटू काढायला न्हाय येत की.”

मला साहेब म्हणणारा हा जगातला एकमेव माणूस असेल. मग मी त्याला नीट शिकवलं, फोन आडवा धरायचा, बोट बाजूला ठेवायचं, खाली लोकेशन दिसतंय का बघायचं. तो प्रत्येक वाक्याला व्हय व्हय करत होता. संध्याकाळी साडेपाचला झकास फोटो आला. मी अंगठा पाठवला. मास्तर झाल्यासारखं वाटलं.

आग विझवता कशी, असंही विचारलं. लिंबाचा ओला डहाळा घ्यायचा, वाऱ्याकडं पाठ करून हुबं ऱ्हायचं आन् बडवायचं, बस्स, म्हणाला. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं.

२८ एप्रिल, सोमवार

सोलापूर चव्वेचाळीसवर गेलं. उष्णतेच्या लाटेचं परिपत्रक आलं, मीच टाइप करून ग्रुपवर टाकलं: दुपारी बारा ते चार कुणीही उघड्यावर काम करू नये. त्याच्या खालीच माझा रोजचा मेसेज होता: आजचे फोटो साडेचारच्या आत पाठवावेत.

आता माझा गोंधळ असा की उपग्रह आमच्यावरून दुपारी दीडच्या सुमाराला जातो. मेसेज येतो दोन-सव्वादोनला. म्हणजे ज्या वेळी बाहेर पडायचं नाही, त्याच वेळी माझ्याकडे आग येते. साहेबांना विचारलं, दोन्हीतलं काय पाळायचं? ते म्हणाले, दोन्ही. मी बाहेर येऊन पाणी प्यालो. त्यांना जे कळलं ते मला का कळलं नाही, याचा विचार करत बसलो. शेवटी नाद सोडला.

आजच्या मीटिंगमध्ये आमचा पहिला नंबर. शंभर टक्के बंद. साहेबांनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं.

३० एप्रिल, बुधवार

बसव जयंती. मैंदर्गीला गावच्या घरी सगळे जमले, मी ऑफिसात. आगीला सुट्टी नसते, असं मी काव्याला ऐटीत सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही विझवता का? मी म्हटलं, विझवून घेतो. मग तिने विचारलं, त्या माळावरच्या माणसाचं वय काय? मला माहीत नाही. आवाजावरून पन्नाशीचा वाटतो. रजिस्टरात वयाचा रकाना नाही.

२ मे, शुक्रवार (ऑफिसातच लिहितोय, संध्याकाळचे पाच)

डोकं फिरलंय. पंचेचाळीसला दोन दशांश कमी इतका पारा, चार ठिपके, आणि एका माणसामुळे माझे शंभर टक्के गेले.

वनरक्षक युवराज गाडी घेऊन दुधनीकडच्या आगीवर होता. चिंचोळी एमआयडीसीचा बंब कडब्याच्या गंजी पेटल्या तिकडे गेलेला. कोंडीबाचा सव्वा वाजताच आपणहून फोन आला होता. साडेअकरापासून माळ पेटला होता, दोन मेंढपाळ हाताशी घेऊन त्याने विझवला. “विझली साहेब. घरला जाऊन जरा पडतो,” म्हणाला. तोवर माझ्याकडे ठिपकाच नव्हता. जी आग माझ्याकडे आलीच नाही ती विझली म्हणून लिहू कुठे? मी म्हटलं, बरं.

दोन वीसला ठिपका आला. मी फोन लावला. पडला होता वाटतं, आवाज जड होता. मी फोटोचं सांगितलं. परिपत्रक माझ्या लक्षात होतं, हे मुद्दाम लिहून ठेवतो. पण आठवड्याची यादी साडेचारला वर जायची होती. म्हटलं, आत्ताच टाकून मोकळे व्हा. “जातो की,” म्हणाला. हा माणूस कधी नाही म्हणत नाही. त्यामुळे त्याला जमतंय की नाही हे कळत नाही.

तीन पंचवीसला फोटो आला. चांगला होता, काळी जमीन, मागे भैरोबाचं देऊळ. पण लोकेशन माझ्या ठिपक्यापासून चारशे मीटर लांब! मी लिहिलं, अमान्य, उत्तरेला सरका. त्याने फोन करून विचारलं, उत्तर म्हंजी कुठल्या अंगाला. मी सांगितलं, सूर्य डाव्या हाताला ठेवा आणि चालत राहा.

तीन पन्नासला दुसरा. वाकडा, अर्धं आभाळ. अमान्य. चार पाचला तिसरा. त्यात त्याची चप्पल. अमान्य. चार दहाला चौथा, त्यात काहीच नाही, नुसतं पांढरं. इतकं शिकवून परत पहिले पाढे पंचावन्न. मग त्याचाच फोन आला.

“साहेब, बैलं तुमी सोडली का?”

मी विचारलं, कसले बैल?

“तळ्यात उतरली की. हाका मारतोय, वळंनात.”

नकाशा बघितला. त्या माळावर तळं नाही. जीभ जड झाली होती, शब्द घरंगळत होते. मी सुपारीसुद्धा खात नाही, त्यामुळे असली माणसं मला लगेच ओळखू येतात. त्यानंतर चार वेळा फोन केला, उचलला नाही. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: ‘इसम नशेत असावा.’ आग क्रमांक चार, चालू. कूलर बंद करतो आणि जातो.

३ मे, शनिवार

काल घरी पोचतो न पोचतो तोच सहाच्या सुमाराला रेश्माचा फोन आला, सासऱ्याच्या बटणाच्या फोनवरून. मामा अजून घरी आले नाहीत, तुमच्याशी काही बोलले का, असं विचारत होती. मी म्हटलं, पिऊन पडला असेल कुठेतरी झाडाखाली. मग ती म्हणाली, “त्येंनी उभ्या जन्मात शिवली न्हाय, साहेब.”

काव्या शेजारी भाजी निवडत होती. तिने माझा मोबाइल घेतला आणि ते चारही फोटो एकापाठोपाठ एक बघितले. जमीन, वाकडी जमीन, चप्पल, आभाळ.

“एनरी,” ती घरच्या कानडीत ‘अहो’ म्हणत म्हणाली, “हा माणूस पडलाय.”

मी ते चार फोटो तासाभरात चार वेळा बघितले होते. मला ते चार चुकीचे फोटो दिसले होते.

पुढचं भराभर झालं. मी शेवटच्या फोटोचं लोकेशन युवराजला दिलं, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला दिलं, रुग्णवाहिकेला दिलं. वस्तीवरची माणसं धावली. पावणेसातला सापडला, त्या लोकेशनपासून हाकेच्या अंतरावर, जुन्या खाणीजवळच्या बाभळीखाली. घर दक्षिणेला, तो उत्तरेला. जिवंत होता. अंग चटका बसेल इतकं तापलेलं आणि घाम अजिबात नाही, असं युवराज म्हणाला. त्यांनी चादर भिजवून गुंडाळली आणि गाडीत घातलं.

आज सकाळी साहेबांचा फोन. म्हणाले, तुझ्या लोकेशनच्या नियमामुळे माणूस सापडला, शाब्बास. मला आनंद झाला. दहा मिनिटं तरी झाला, खोटं कशाला लिहू. चहा पिताना काव्याला सांगितलं. ती कप उचलून आत गेली. नियमामुळे सापडला हे तर खरंच आहे. मग ती अशी का वागतेय?

४ मे, रविवार

काव्याने बळजबरीने दवाखान्यात नेलं. उष्माघाताच्या वॉर्डात त्याला बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवलंय. काचेतून बघितलं. मी त्याला आधी कधी पाहिलंच नव्हतं. पन्नाशी कुठली, पासष्टच्या पुढचा म्हातारा आहे. भुवया जळालेल्या, दोन्ही तळहातांना पट्ट्या. ते डहाळ्याने बडवणं मला सोपं वाटलं होतं.

रेश्मा बाहेर बाकावर बसली होती. मी कोण ते सांगितलं. ती पदर सावरत उठून उभी राहिली. मला वाटलं आता बोलेल, शिव्या देईल. तिने मला बसायला जागा करून दिली. मी बसलो नाही. बसायला हवं होतं का? कळलं नाही.

५ मे, सोमवार

पहाटे कोंडीबा गेला.

साहेबांनी दाराला कडी घालून निवेदन सांगितलं, मी टाइप केलं. ‘दुपारी बारा ते चार काम न करण्याबाबतच्या परिपत्रकाची कल्पना असूनही सदर इसम स्वतःहून माळावर गेला.’ सोबत परिपत्रकाची प्रत आणि माझ्या रजिस्टरचं पान. खाली सही माझी. मी विचारलं, मी फोन केला होता ते लिहायचं का? ते म्हणाले, तू त्याला जबरदस्ती केलीस का? मी म्हटलं, नाही. मग झालं तर, म्हणाले. जबरदस्ती मी खरंच केली नव्हती. मी सही केली. हात अडला नाही, सात वर्षं सांगितलेलंच टाइप करतोय.

जेवण गेलं नाही. मला वाईट वाटतंय, एवढं नक्की. बाकी कशाचीच खात्री नाही.

८ मे, गुरुवार

युवराजला म्हटलं, मला तो माळ दाखव. सकाळी सातला निघालो. मला जळालेली जमीन फोटोत बघायची सवय, तिचा वास असतो हे माहीत नव्हतं. देवळाच्या मागे काळं पसरलेलं आणि एका ठिकाणी ते संपतं. सरळ रेघेत संपतं. रेघेच्या अलीकडे राख, पलीकडे गवत, आणि त्या गवताच्या टोकाला वस्तीच्या गंजी, गोठे, घरं. त्या रेघेवर जागोजागी लिंबाचे झोडपलेले डहाळे पडले होते. युवराज म्हणाला, हितं थांबवली म्हाताऱ्यानं, न्हायतर वस्ती गेली असती.

मी विचारलं, माझा ठिपका कुठे? त्याने उत्तरेला बोट केलं. तिकडे गुडघाभर पिवळं गवत उभं होतं.

“तिकडं काय जळलंच न्हाय की, भाऊ.”

मी म्हटलं, मग उपग्रहाने कसं दाखवलं? तो माझ्याकडे बघत राहिला, मी थट्टा करतोय का असं त्याला वाटलं असावं. मग त्याने काडीने मातीत चौकोन काढला. उपग्रहाला एकेक जागा दिसत नाही, असले मोठाले चौकोन दिसतात, पावणेचारशे मीटरच्या आसपासचे, कधी त्याहून मोठे. चौकोनात कुठेही आग असली तरी ठिपका मधोमध पडतो. “आमी ठिपक्यावर कवाच जात न्हाय. धूर दिसंल तिकडं जातो.” मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? तो म्हणाला, तुमचा नियम आलता, वाटलं वरनंच तसं आलंय.



१३ मे, मंगळवार

दुपारी रेश्मा ऑफिसात आली. माझ्या टेबलासमोर उभी राहिली आणि म्हणाली, गावात लोक म्हणतायत की कागदावर मामांना दारुडा लिहिलंय, तो कागद मला बघायचाय. साहेब मीटिंगला गेले होते. नाही म्हणता आलं असतं. मी रजिस्टर उघडून तिच्यापुढे केलं. तिने ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द वाचला आणि ‘असावा’वर थांबली. मी खुर्ची दिली, ती बसली.

मग तिने पिशवीतून तिचा मोबाइल काढला. त्यात चार फोटो नव्हते, अकरा होते. सात माझ्यापर्यंत आलेच नव्हते, पुढे त्या भागात नेट मिळत नाही. तिने फोन माझ्यापुढे सरकवला.

“ह्यातला कोणता चालला असता?”

आवाजात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. आणि मी काय करावं? मी सवयीने एकेक फोटो सरकवून वेळ आणि लोकेशन तपासायला लागलो. पाचवा, काळोख. सहावा, बोट. सातवा, बाभळीचा काटा एवढा मोठा. आठवा मात्र सरळ होता. फोन आडवा, बोट बाजूला, अगदी मी शिकवल्यासारखा. वेळ चार एकेचाळीस. लोकेशन माझ्या ठिपक्याशी तंतोतंत जुळत होतं. त्या अवस्थेत हा माणूस ठिपका शोधत शोधत बरोबर तिथे जाऊन उभा राहिला होता. आणि फोटोत गुडघाभर पिवळं गवत होतं, एक काडीसुद्धा न जळलेलं. जळालेली जागा दाखवा, असं माझ्या नियमात होतं. मी तो फोटोही अमान्य केला असता. त्याच्या पुढचे तीन बघवले नाहीत.

“कोणताच नाही,” मी म्हणालो.

तिने फोन हातात घेऊन पहिला फोटो काढला. काळी जमीन, मागे देऊळ, तीन पंचवीस.

“आन् ह्यात काय कमी हाय?”

मी खूप वेळ बघितला. कूलर खडखडत होता. मी पाच दिवसांपूर्वीच तिथे उभा राहून आलो होतो. ती रेघ, ते डहाळे, सगळं त्या फोटोत होतं.

“काहीच नाही. हा बरोबर आहे.”

“तवा ते बरे होते?”

“हो. तेव्हा बरे होते. मीच पुढे जायला सांगितलं.”

ती रडली नाही. रडेल म्हणून मी पाण्याची बाटली पुढे केली होती, ती तशीच राहिली. “मग तसं लिवून द्या,” ती म्हणाली.

मी कॉम्प्युटरवर नाही, हाताने लिहिलं. दोन वीसला मी फोन करून बोलावलं. तीन पंचवीसचा फोटो योग्य होता, तो मी चुकीने अमान्य केला आणि उन्हात उत्तरेला पाठवलं. इसम नशेत नव्हता. अक्षर फार वाईट आलं. सही केली, तारीख घातली आणि कागद तिला दिला. तिने तो माझ्यासमोर दोनदा वाचला, मग विचारलं की ‘इसम’ म्हणजे काय. मी कागद परत घेतला, तो शब्द खोडला आणि त्याचं नाव लिहिलं.